विचारा की! : हार्मोन चिकटला की रिसेप्टर आत का जातो?

मागच्या अंकात शुगर आणि इन्शुलिनवर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की इन्शुलिन पेशीवरच्या रिसेप्टरला (हार्मोनला धरून त्याचा निरोप आत पोचवणारं प्रथिन) चिकटतं आणि थोड्या वेळात दोघंही पेशीच्या आत ओढले जातात. बास, त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की हा महिना त्यालाच द्यायचा ठरवला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं मुद्दाम छापलेली नाहीत कारण बऱ्याच जणांनी घरातल्या माणसांचे रिपोर्टच जोडून पाठवलेत.

राजारामपुरीतली एक बी.एस्सी.ची विद्यार्थिनी विचारते : सर, इन्शुलिनचा मेसेज तर बाहेरूनच आत पोचतो, आमच्या पुस्तकातल्या आकृतीत तसंच आहे. मग रिसेप्टरला आत ओढायची गरजच काय? आणि ओढतं कोण?

हा प्रश्न नीट सुटला तर खालचे बाकीचे अर्धे सुटतात, म्हणून इथं जरा जास्त जागा खातो.

इन्शुलिन हे पेप्टाइड हार्मोन, म्हणजे अमिनो आम्लं ओवून झालेलं, ५१ अमिनो आम्लांचं, २१ची एक साखळी आणि ३०ची दुसरी. असल्या रेणूला पेशीचं आवरण आत घेत नाही, कारण आवरण तेलकट आणि हा पाण्यात रमणारा, वर आकारानं मोठा. म्हणून याला निरोप बाहेरूनच द्यावा लागतो. इन्शुलिनचा रिसेप्टर चार तुकड्यांचा असतो, दोन पूर्ण बाहेर आणि दोन आवरणातून आरपार गेलेले. बाहेर इन्शुलिन बसलं की आतले दोन तुकडे एकमेकांवर फॉस्फेट चिकटवतात, त्या फॉस्फेटवर आतली दुसरी प्रथिनं येऊन बसतात, ती पुढच्यांना जागं करतात आणि शेवटी स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींमध्ये ग्लुकोज आत घेणारं ग्लुट-४ नावाचं प्रथिन पृष्ठभागावर येतं. हे सगळं काही मिनिटांत. तुझ्या पुस्तकातली आकृती इथंच थांबते, आणि माझं म्हणणं असं की खरी मजा इथून पुढं आहे.

कारण चालू झालेलं थांबवायचं कसं? जेवण संपलं, शुगर खाली आली, आणि रिसेप्टर मात्र इन्शुलिनला धरूनच बसला तर पेशी साखर ओढतच राहील. म्हणून सोय अशी आहे की जे फॉस्फेट निरोप सुरू करतात तेच रिसेप्टरला आत घ्यायची तयारीही सुरू करतात. प्रयोगात ज्या रिसेप्टरची फॉस्फेट चिकटवायची क्षमता मारून टाकली तो इन्शुलिन धरतो पण आत नीट जात नाही. म्हणजे आत जाणं ही नंतरची साफसफाई नाही, निरोपाचाच तो भाग आहे, किती वेळ ऐकायचं हे पेशी त्यातून ठरवते. या महिन्याचं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

आता ओढतं कोण. आवरणाच्या आतल्या बाजूला क्लॅथ्रिन नावाचं प्रथिन असतं, तीन पायांचं. हे तीन पायवाले एकमेकांत अडकून पंचकोन-षटकोनांची जाळी विणतात, आणि जाळी विणता विणता आवरणाला तिथं खळगा पडतो. खळग्यात कुणाला घ्यायचं ते ठरवणारी जोडप्रथिनं वेगळी, ती रिसेप्टरची आतली शेपटी ओळखतात. खळगा खोल होत जातो, त्याची मान बारीक होते आणि डायनॅमिन नावाचं प्रथिन त्या मानेभोवती गुंडाळून ती तोडतं, की आत एक पिशवी सुटली. एका पिशवीला साधारण मिनिटभर पुरतं, आकार म्हणशील तर १०० नॅनोमीटरच्या आसपास. डायनॅमिनचं महत्त्व बघायचं असेल तर फळमाशीच्या शिबिरे नावाच्या म्युटंटबद्दल (जनुकात बदल झालेल्या माशीबद्दल) वाच, तिच्या डायनॅमिनमध्ये बिघाड असतो, नेहमीच्या तापमानाला माशी ठणठणीत, पण साधारण २९-३० अंशांच्या वर नेली की पटकन लुळी पडते, थंड केली की परत उठते. कारण तिच्या नसांच्या टोकांना पिशव्या तोडताच येत नाहीत. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी तिची काय गत होईल बघ.

पिशवी पुढं एन्डोसोममध्ये, म्हणजे आत आलेला माल वेगळा करणाऱ्या पेशीतल्या कप्प्यात, जाते. तिथं पंप बसवलेले असतात, ते आतलं वातावरण आम्ल करतात, पीएच ६च्या जवळ. त्या आम्लात इन्शुलिनची पकड सुटते. मग दोघांच्या वाटा वेगळ्या, इन्शुलिनचे तिथंच आणि पुढं लायसोसोममध्ये (पेशीतला माल पचवणारा कप्पा) तुकडे होतात आणि बहुतेक रिसेप्टर परत पृष्ठभागावर येतात. दुधाच्या कॅनसारखं समज, दूध डेअरीत ओतलं जातं, रिकामा कॅन गावात परत. म्हणून तोच रिसेप्टर पुन्हा पुन्हा वापरात येतो.

पण कॅन दरवेळी परत येतोच असं नाही, आणि हे मला या विषयातलं सगळ्यात भारी वाटतं. ईजीएफ म्हणून ५३ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड आहे, पेशींना वाढायला सांगणारं, स्टॅन्ली कोहेन यांनी शोधलेलं, १९८६चं नोबेल त्यासाठीच. त्याच रिसेप्टरवर टीजीएफ-अल्फा नावाचं दुसरं पेप्टाइडही बसतं. दोघंही रिसेप्टरला आत नेतात. पण एन्डोसोमच्या आम्लात टीजीएफ-अल्फा सुटून पडतं आणि रिसेप्टर परत येतो, ईजीएफ मात्र आम्लातही धरून राहतं, मग रिसेप्टरवर युबिक्विटिनची खूण लागते आणि तो हार्मोनसकट लायसोसोममध्ये जाऊन संपतो. एकच रिसेप्टर, निरोपही जवळपास तोच, पण पकड किती घट्ट यावर रिसेप्टर जगतो का मरतो ते ठरतं. पेशीची वाढ आटोक्यात ठेवायला हे मरणं गरजेचं असतं, ते बिघडलं तर कॅन्सरचा धोका वाढतो.

तुझ्या सेमिनारला इतिहास लागेल म्हणून थोडक्यात : हे खळगे १९६४मध्ये टॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी नीट दाखवले, ते कशात? डासाच्या मादीच्या अंड्यात, अंड्यासाठी लागणारं प्रथिन आत घेताना. तोच डास जो डेंग्यू पसरवतो, एडिस. क्लॅथ्रिन वेगळं काढून नाव दिलं बार्बरा पिअर्स यांनी, १९७०च्या दशकाच्या मध्याला. १९७६ला कार्पेंटर आणि कोहेन यांनी किरणोत्सारी आयोडीन लावलेलं ईजीएफ माणसाच्या पेशींवर टाकून ते आधी चिकटतं, मग आत जातं आणि मग तुटतं हे दाखवलं. आणि कोलेस्टेरॉलवाल्या एलडीएल रिसेप्टरचं याच वाटेनं जाणं-येणं उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल. आकृती काढताना बाण पृष्ठभागावर संपवू नकोस, एवढं केलंस तरी परीक्षक खूश.

शाहूपुरीतले एक निवृत्त मुख्याध्यापक : मी आठ वर्षं इन्शुलिन घेतो. तुम्ही म्हणता इन्शुलिन लागलं की रिसेप्टर आत जातो. मग जास्त इन्शुलिन घेतलं की रिसेप्टर संपत जाणार आणि डोस वाढतच जाणार, असं तर नाही ना? शेजारचे एक जण म्हणतात की म्हणूनच इन्शुलिनची सवय लागते.

सर, शेजाऱ्यांच्या बोलण्यात थोडं खरं आहे आणि त्या थोड्यावरून काढलेला निष्कर्ष पार चुकीचा आहे.

खरं काय ते आधी. १९७४मध्ये अमेरिकेत जेसी रॉथ यांच्या गटानं (पहिलं नाव गॅव्हिन यांचं) माणसाच्या लिम्फोसाइट पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) बाटलीत वाढवल्या आणि त्यात बरेच तास इन्शुलिन ठेवलं, तर पेशींवरचे इन्शुलिन रिसेप्टर कमी झाले, इन्शुलिन काढून घेतल्यावर परत वाढले. लठ्ठ माणसांमध्ये रक्तातलं इन्शुलिन कायम चढं असतं आणि त्यांच्या पेशींवर रिसेप्टर कमी सापडतात, वजन उतरलं की वाढतात. म्हणजे सतत इन्शुलिन असेल तर आत जाणाऱ्यांची संख्या परत येणाऱ्यांपेक्षा जास्त होते, हे बरोबर.

पण पेशीकडे रिसेप्टर भरपूर शिल्लक असतात. चरबीच्या किंवा लिव्हरच्या एका पेशीवर दोन-तीन लाख इन्शुलिन रिसेप्टर असतात, तेच तांबड्या रक्तपेशीवर पाहिलं तर जेमतेम चाळीस. चरबीच्या पेशीला पुरतं काम करायला त्यातले दहा टक्केसुद्धा भरावे लागत नाहीत. त्यामुळं रिसेप्टर निम्मे झाले तरी पेशी ऐकायची थांबत नाही, फक्त तेवढंच काम करायला जरा जास्त इन्शुलिन लागतं. टाइप २ डायबेटिसमध्ये जो रेझिस्टन्स (इन्शुलिनला पेशीनं नीट दाद न देणं) म्हणतात त्याचा मोठा भाग रिसेप्टरच्या संख्येत नसून रिसेप्टरच्या पुढच्या साखळीत असतो, पेशीत साठलेली चरबी आणि सूज तिथं खोडा घालते. आणि वर्षं जातील तसा डोस वाढतो त्याचं एक मोठं कारण असं की स्वादुपिंडाचं स्वतःचं इन्शुलिन कमी कमी होत जातं. इंजेक्शनमुळं ते होत नाही, तो आजाराचाच प्रवास असतो. तेव्हा शेजाऱ्यांना चहा पाजा, पण डोस डॉक्टरांना विचारूनच हलवा. रोजचं चालणं आणि वजन थोडं उतरवणं यानं मात्र खरंच फरक पडतो, रंकाळ्याला चकरा मारा, कट्ट्यावर नुसतं बसू नका.

जाता जाता, तुमच्या रिपोर्टमध्ये सी-पेप्टाइडची टेस्ट दिसली आणि ती कशाला असं तुम्ही विचारलंय. स्वादुपिंडातून निघालेलं इन्शुलिन आधी लिव्हरमधून जातं आणि लिव्हर त्यातलं साधारण निम्मं पहिल्याच फेरीत काढून घेते, कसं, तर वर सांगितलं तसंच, रिसेप्टरसकट आत ओढून. म्हणून हातातल्या रक्तात इन्शुलिन मोजलं तर मूळ किती बनलं ते कळत नाही, शिवाय तुमच्यासारख्यांमध्ये इंजेक्शनचंही त्यात मिसळतं. सी-पेप्टाइड इन्शुलिनबरोबर जोडीनं बनतं पण लिव्हर त्याला असं ओढून घेत नाही आणि इंजेक्शनच्या इन्शुलिनमध्ये ते नसतं. त्यावरून तुमचं स्वतःचं उत्पादन किती राहिलंय ते समजतं.

आणि संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर शुगरच्या डॉक्टरांना सांगितलंय ना? त्या गोळीनं शुगर खाली येऊ शकते. ती एन्डोसोम-लायसोसोममधलं आम्ल कमी करते, म्हणून इन्शुलिन तुटायला उशीर होतो, हे त्यामागचं एक कारण मानतात.

कागलकडचे एक दूध उत्पादक लिहितात : आमच्या भागात काही जण धार काढायच्या आधी म्हशीला इंजेक्शन मारतात. एकदा चालू केलं की म्हस त्याच्याबिगर पान्हाच सोडत न्हाई. ह्येचा आणि तुमच्या रिसेप्टरचा काय संबंध हाय का? आणि त्या दुधातनं पोरींच्या अंगावर परिणाम होतो म्हणत्यात ते खरं का?

दादा, संबंध आहे आणि चांगलाच आहे, तुम्ही न विचारता मीच कधीतरी लिहिणार होतो.

ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचं. नऊ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, एवढंसं, व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं आणि १९५५चं नोबेल मिळवलं. रेडकू कासेला ढुशा मारतं, सड चोखतं, किंवा ओळखीचा हात कासेवरून फिरतो, आंबोण पुढ्यात येतं, तेव्हा म्हशीच्या मेंदूखालच्या पिट्युटरीतून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं. कासेत दुधाच्या बारीक पिशव्यांभोवती स्नायूसारख्या पेशी असतात, त्यांच्यावर याचे रिसेप्टर. हार्मोन बसला की पेशीत कॅल्शियम वाढतं, पेशी आवळतात, दूध खाली उतरतं, झाला पान्हा. म्हशीला गाईपेक्षा वेळ जास्त लागतो हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि माणसाला घाई असते, सगळं दुखणं तिथंच आहे.

हा रिसेप्टर इन्शुलिनच्या रिसेप्टरपेक्षा वेगळ्या घराण्यातला, आवरणातून सात वेळा आत-बाहेर जाणारा. या घराण्यात पद्धत अशी की हार्मोन बसला की एक एन्झाइम रिसेप्टरच्या शेपटीवर फॉस्फेट लावतं, त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं, ते पुढचा निरोप अडवतं आणि रिसेप्टरला क्लॅथ्रिनच्या खळग्यात नेतं. याच घराण्याच्या अभ्यासासाठी लेफ्कोवित्झ आणि कोबिल्का यांना २०१२चं नोबेल मिळालं. म्हशीचं स्वतःचं ऑक्सिटोसिन थोडं येतं, काही मिनिटांत रक्तातून जातं, रिसेप्टर आत जाऊन परत येतात, सकाळच्या धारेचं संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी. सुईनं दिलेला डोस मात्र तिच्या स्वतःच्या प्रमाणापेक्षा बराच जास्त असतो आणि तो रोज दोन वेळा. गाईंवरचे प्रयोग आहेत, रोज ऑक्सिटोसिन देत राहिलं आणि मग बंद केलं तर गाय आधीपेक्षा कमी दूध सोडते, कारण कास तिच्या स्वतःच्या ऑक्सिटोसिनला नीट दाद देत नाही. म्हणजे तुम्ही लिहिलंय ते डोळ्यांनी बघितलेलं बरोबर आहे. म्हैस नखरे करत नाही, तिच्या कासेच्या पेशींना मोठ्या आवाजाची सवय लावलीय आपण.

बंद केल्यावर सुधारते का? सहसा सुधारते, पण एका दिवसात नाही. जनावरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू सोडवा, रेडकू लावा, धार काढणारा माणूस आणि वेळ बदलू नका, गोठ्यात आरडाओरडा नको. भेदरलेल्या जनावराचं ॲड्रिनॅलिन वाढतं आणि ते पान्हा अडवतं, ही काही इंजेक्शनची भानगड नाही. सुरुवातीचे दिवस दूध कमी भरेल, डेअरीचं बिल कमी येईल, ते सोसावं लागेल हे मी लपवत नाही. आणि कायद्याचं म्हणाल तर जनावरांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६०च्या कायद्याचं कलम १२ बघा, दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला अपाय होईल असं इंजेक्शन देणं हा गुन्हा आहे. मेडिकलवाल्यानंही हे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही.

पोरींचं : ऑक्सिटोसिन पेप्टाइड आहे, पोटात गेलं की बाकीच्या प्रथिनांसारखं पचतं, इन्शुलिनची गोळी नसून सुई असते ती याच कारणानं. शिवाय वयात आणणारं हार्मोन ते नव्हेच. तेव्हा त्या भीतीला फारसा आधार नाही. माझा राग म्हशीच्या बाजूनं आहे.

याच प्रश्नाला जोडून गंगावेशीतल्या एका ताईंनी विचारलंय की बाळंतपणात कळा वाढवायला जे सलाइनमधून लावतात ते हेच का. हो ताई, तेच. आणि ते बराच वेळ चालू राहिलं तर गर्भाशयाच्या स्नायूंवरचे रिसेप्टर कमी होऊ शकतात, म्हणून डॉक्टर थेंब मोजून देतात, गरज संपली की कमी करतात, आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव आवरायला लागली तर दुसऱ्या वाटेनं काम करणारी औषधंही हाताशी ठेवतात. तिथं ते औषध जीव वाचवतं, गोठ्यातल्या वापराशी त्याची सांगड घालून घाबरू नका.

गडहिंग्लजहून एक ताई : बहिणीची आयव्हीएफची ट्रीटमेंट चालू आहे. डॉक्टर म्हणाले हे इंजेक्शन आधी हार्मोन वाढवतं आणि मग बंद पाडतं. एकच औषध दोन्ही कसं करेल? आम्हाला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

चूक नाही झाली, डॉक्टरांनी बरोबर सांगितलं.

मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचं दहा अमिनो आम्लांचं पेप्टाइड सोडतो, ते पिट्युटरीला सांगतं की एलएच आणि एफएसएच सोड, आणि ती दोन्ही पुढं बीजांडकोशाला कामाला लावतात. गंमत अशी की जीएनआरएच सलग येत नाही, तासा-दोन तासांनी एकदा झटक्यानं येतं. १९७८मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटानं माकडिणींवर हे दाखवलं, त्यांचं स्वतःचं जीएनआरएच बंद केलेलं होतं, बाहेरून तासाला एकदा थोडा वेळ दिलं की एलएच-एफएसएच सुरू, तेच सलग दिलं की बंद. औषध तेच, फक्त येण्याची पद्धत बदलली.

ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं म्हणजे जीएनआरएचचाच टिकाऊ नमुना. पहिले काही दिवस पिट्युटरीला वाटतं मोठा निरोप आला, हार्मोन उसळतात, मग निरोप थांबतच नाही म्हटल्यावर ती ऐकायचं बंद करते. आयव्हीएफमध्ये हेच हवं असतं, नाहीतर बीजं काढायच्या आधीच शरीराचा स्वतःचा एलएच उसळून ती सुटून जायची. हीच युक्ती प्रोस्टेट कॅन्सरमध्ये आणि फार लवकर वयात येणाऱ्या मुलांमध्येही वापरतात. बहिणीच्या मैत्रिणीला सेट्रोरेलिक्स दिलं असं लिहिलंय, ते वेगळं, ते रिसेप्टरवर नुसतं बसून राहतं, निरोप देतच नाही, म्हणून त्यात आधीची उसळी नसते.

आता राजारामपुरीच्या विद्यार्थिनीनं इथं लक्ष द्यावं. बऱ्याच ठिकाणी लिहितात की जीएनआरएचचा रिसेप्टर झटकन आत जातो म्हणून पिट्युटरी बंद पडते. माणसात हे इतकं सरळ नाही. अरेस्टिन जिथं बसतो ती शेपटीच आपल्या जीएनआरएच रिसेप्टरला नाही, सस्तन प्राण्यांमध्ये ती गळालीय, कोंबडीच्या रिसेप्टरला आहे आणि तो भराभर आत जातो. आपला सावकाश जातो. त्यामुळं आपल्याकडे पिट्युटरी गप्प होण्यात रिसेप्टरची घटलेली संख्या हा एक भाग, आणि आतल्या कॅल्शियमच्या साखळीनं दाद देणं सोडणं हा दुसरा भाग. सगळीकडं एकच कारण चिकटवत सुटायचं नाही.

ताराबाई पार्कमधले एक आजोबा : पत्नीला हाडांसाठी रोज पोटावर घ्यायचं इंजेक्शन दिलंय. नेटवर वाचलं की हेच हार्मोन जास्त झालं की हाडं ठिसूळ होतात. द्यावं का न द्यावं?

द्या आजोबा. टेरिपॅराटाइड असणार, पॅराथायरॉइड हार्मोनच्या ८४ अमिनो आम्लांपैकी पहिली ३४. ज्यांच्या पॅराथायरॉइड ग्रंथीतून ते दिवसरात्र जास्त सुटत राहतं त्यांची हाडं झिजतात, हे नेटवरचं खरं. पण रोज एकदा सुई घेतली की ते रक्तात काही तासच राहतं, मग उरलेला दिवस शांत. त्या छोट्या झटक्याला हाडं बांधणाऱ्या पेशी दाद देतात आणि हाड भरतं, सतत असेल तर हाड खाणाऱ्या पेशींना चढवणारे निरोप वरचढ होतात. यात रिसेप्टरचं आत जाणं कुठं बसतं तर ते थोडं गुंतागुंतीचं आहे, कारण हा रिसेप्टर आत गेल्यावरही बोलत राहतो, एन्डोसोममध्ये बसून निरोप पाठवतो हे २००९मध्ये दाखवलं गेलं. तुम्ही एवढंच बघा की वेळ चुकवू नका आणि जास्तीचा डोस घेऊ नका.

इचलकरंजीहून एक उद्योजक : वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन घेतोय. तुमच्या हिशेबानं आठवडाभर औषध अंगात असेल तर रिसेप्टर सगळे आत जाऊन औषध लागूच पडायला नको. पण माझं तर वजन उतरतंय.

हा आडवा प्रश्न आवडला. तुमचं इंजेक्शन सेमाग्लुटाइडचं असणार, त्याचं अर्धं औषध रक्तातून जायला साधारण आठवडा लागतो, म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणं ते कायम अंगात असतंच. ते जीएलपी-१च्या (जेवल्यावर आतड्यातून सुटणारं पेप्टाइड हार्मोन) रिसेप्टरवर बसतं आणि तो रिसेप्टर आत जाण्यात चांगलाच चपळ आहे. तरी औषध चालतं, एक म्हणजे आत गेलेले परत येत राहतात आणि नवेही बनतात, दुसरं म्हणजे हाही आत गेल्यावर काही काळ निरोप देत राहतो, आणि तिसरं, सगळ्या ठिकाणच्या पेशी सारख्या वागत नाहीत. पोट हळू रिकामं होण्याचा जो परिणाम सुरुवातीला जाणवतो, जेवण छातीशी अडकल्यासारखं वाटतं तो, काही आठवड्यांत बराच ओसरतो, पण भूक कमी राहणं आणि शुगरवरचा परिणाम टिकतो. सुरुवातीला डोस पायरी-पायरीनं वाढवतात तो मळमळ सोसावी म्हणून, मधल्या पायऱ्या गाळू नका.

टिर्झेपाटाइडचं विचारलंय, तर ते जीएलपी-१च्या रिसेप्टरवर बसून आतला निरोप देतं पण अरेस्टिनला तेवढं बोलावत नाही, त्यामुळं रिसेप्टर पृष्ठभागावर जास्त राहतो. त्याच्या ताकदीत याचा वाटा असावा असं संशोधकांना वाटतं, पण ते दुसऱ्या एका रिसेप्टरवरही काम करतं, म्हणून सगळं श्रेय यालाच देता येणार नाही. आणि मित्राची पेन उसनी घेतली असं जे सहज लिहिलंय ना, ते तेवढं करू नका राव, सुई बदलली तरी नाही.

कसबा बावड्यातून एक काकू : थायरॉइडच्या गोळीचं पण असंच असतं का? सवय लागून रिसेप्टर आत जातात का?

नाही काकू. थायरॉक्सिन पेप्टाइड नाही, लहान रेणू आहे, म्हणून तर तुम्हाला सुई न देता गोळी चालते. त्याचा मुख्य रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर नसून आत केंद्रकात असतो, हार्मोनच आत जातो. डोस बदलतो तो टीएसएचच्या रिपोर्टवरून, सवयीमुळं नाही. सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यानं घ्या, अर्धा तास तरी चहा नको, आणि कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चार तास लांब ठेवा, नाहीतर गोळी पोटातच अडकते आणि मग डोस पुरत नाही असं वाटत राहतं.